कार्डाएवढी फट

तय्यब परकारला दुबईतले रेल्वेवाले बारा वर्षं एकाच नावाने ओळखत होते: टेबलवाला. तसं त्यात खोटं काही नव्हतं, टेबलं तोच करून द्यायचा. पण माणूस बारा वर्षं तुमच्या दारात उभा असला तर त्याला कधीतरी आत येऊन बस म्हणावं, एवढी साधी रीत असते. ती काही कुणाला सुचली नव्हती.

हे रेल्वेवाले म्हणजे खऱ्या रेल्वेतले नव्हेत बरं. मॉडेल रेल्वे क्लबवाले. बँकेत, बांधकामात, विमान कंपन्यांत मोठ्या हुद्द्यांवर बसलेली ही मंडळी, निम्मी ब्रिटिश आणि निम्मी आपली, सुट्टीच्या दिवशी विलायतेची जुनी रेल्वे चिमुकल्या मापात पुन्हा उभी करतात. चार मिलिमीटर म्हणजे एक फूट. इंजिन तळहातावर मावेल एवढं, पण त्याच्यामागच्या डब्याला १९३५ साली नेमका कुठला तपकिरी रंग होता यावरून साठी ओलांडलेले दोन गृहस्थ महिनाभर एकमेकांशी अबोला धरतील. क्लबातल्या बारा जणांनी एकेक फळी सजवायची, कुणी स्टेशन, कुणी पूल, कुणी बोगदा, आणि प्रदर्शनाच्या दिवशी बाराही फळ्या जोडून एक सलग लाईन करायची. त्या फळ्यांचा लाकडी सांगाडा, पाय, बोल्टची भोकं, सगळं तय्यबच्या रास अल खोरमधल्या वर्कशॉपात व्हायचं. एरवी तिथे किचनची कपाटं बनतात.

पहिली फळी पोचवायला गेला तेव्हा कुणीतरी सहज त्याच्यापुढे एक गाडी सोडून दाखवली. हिरवं इंजिन, मागे दोन डबे. डोंगराच्या पोटातून ती बाहेर आली, पुलावर चढली आणि वळली. झालं. श्रीवर्धनचा तय्यब परकार त्या दिवशी कामातून गेला तो गेलाच.

प्रदर्शनात प्रत्येक फळीपुढे एक पांढरी पाटी असते: फळीचा नंबर, ठिकाणाचं नाव, करणाऱ्याचं नाव. तय्यबला तशी एक पाटी हवी होती, स्वतःच्या नावाची. बाकी त्याला काही नको होतं. पण हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. साजिदाला ते न सांगता कळलं होतं ही गोष्ट वेगळी.

दोन वर्षं तो दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत वर्कशॉपच्या मागच्या बाजूला स्वतःची फळी करत होता. एक छोटं खेड्यातलं स्टेशन: एकच प्लॅटफॉर्म, पत्र्याची शेड, मालगाडीसाठी बाजूला एक रूळ, मागे टेकडी. विलायत त्याने जन्मात पाहिली नव्हती. पण क्लबातला एक म्हातारा कायमचा मायदेशी परत निघाला तेव्हा सामान आवरताना त्याने जुन्या पुस्तकांचं खोकं तय्यबच्या पिकअपमध्ये टाकलं होतं. त्यात रुळांची देखभाल कशी करावी यावरचं एक जाडजूड पुस्तक निघालं. मुलगी सुमैय्या कॉलेजातून आली की ते वाचून त्याला अर्थ सांगायची. एके दिवशी तिने वाचलं की त्या काळी रूळ साठ फुटांचे असायचे आणि दोन रुळांमध्ये फट ठेवायची असायची. उन्हाळ्यात किती, थंडीत किती, हे ठरवून गँगमन लोखंडाची पातळ पट्टी मधे धरायचे, रूळ बसवायचे आणि मग पट्टी काढून घ्यायचे. उन्हाने रूळ वाढला तर त्याला जागा पाहिजे ना.

तय्यब एवढा हसला की सुमैय्याने पुस्तक मिटलं.

"अब्बा, व्हॉट इज सो फनी?"

"अगो, ह्ये तर मीच करतो," तो म्हणाला. "किचनच्या दारांना."

आणि खरंच होतं ते. आखातातला सुतार कपाटाची दोन दारं कधी एकमेकांना चिकटवून बसवत नाही. उन्हाळ्यात माणसं दीड महिना मुलखाला जातात, एसी बंद, फ्लॅटची भट्टी होते. परत येऊन बघतात तर दारं एकमेकांत रुतून बसलेली. म्हणून तय्यब दोन दारांमध्ये स्वतःचं व्हिजिटिंग कार्ड घालायचा, दारं बसवायचा आणि कार्ड ओढून काढायचा. त्याच्या छापलेल्या कार्डांतली निम्मी गिऱ्हाइकांपर्यंत कधी पोचलीच नाहीत.

मग त्याने फळीवरचे रूळ सगळे तसेच बसवले. साठ फूट म्हणजे मॉडेलच्या मापात चोवीस सेंटिमीटर. दर चोवीस सेंटिमीटरला कार्डाएवढी फट, आणि गाडीला वीज रुळातूनच मिळते म्हणून प्रत्येक तुकड्याला खालून विजेची वेगळी तार. काम किचकट. डोळ्यांत पाणी यायचं. साजिदा डबा घेऊन यायची आणि बघत उभी राहायची.

"सुमैय्याचे अब्बा, माझी हिरवी घासणी कुठे गेली?" तिने एकदा विचारलं.

तय्यबने टेकडीखालच्या कुंपणाकडे बोट दाखवलं. घासणी कातरून, फुलवून तिथे सुरेख झुडपांची रांग झाली होती.

"आता भांडी काय टेकडीवर घासू?" ती म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी डब्याबरोबर आणखी दोन घासण्या आल्या.

यंदा, म्हणजे २०२५ साली, सप्टेंबरच्या सत्तावीस तारखेला इंग्लंडमध्ये धावलेल्या जगातल्या पहिल्या सार्वजनिक वाफेच्या गाडीला दोनशे वर्षं पुरी होत होती. क्लबचं प्रदर्शन दरवर्षी फेब्रुवारीत असायचं. पण दोनशेवा वाढदिवस म्हटल्यावर कोण फेब्रुवारीची वाट बघतो? शनिवारही नेमका आला होता. क्लबचे अध्यक्ष ग्रॅहम, सत्तरीचे लांबलचक गृहस्थ, यांनी एक हॉल घेतला. आणि तय्यबने मनाचा हिय्या करून त्यांना विचारलं की बारा नंबरच्या जागी माणूस नाहीये, तर माझी फळी लावाल का? ग्रॅहम म्हणाले, "व्हाय नॉट? पण ट्रॅक सुजीत पास करेल, तो त्याचा विभाग आहे."

सुजीत लिमये मूळचा पुण्याचा, मोठ्या कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर. राहायला अबू धाबीत, मोहम्मद बिन झायद सिटीत, पण क्लबाच्या एकाही मीटिंगला उशीर नाही. माणूस वाईट नाही हो. फक्त बरोबर असायची सवय लागलेला. एक नंबरची फळी त्याची, लाईनचं मोठं स्टेशन. शुक्रवारी दुपारी मांडणी चालू असताना तो स्टीलची पट्टी आणि टॉर्च घेऊन तय्यबच्या फळीशी आला आणि पाच मिनिटं वाकून बघत राहिला.

"तय्यबभाई, सीनरी जबरदस्त आहे. खरंच सांगतो. पण रुळात या फटी कसल्या?"

"ठेवल्यात सर. साठ फुटी रूळ होते ना तेव्हा."

"ते रिअल रेल्वेत. मॉडेलला कंटिन्युअस रेल लागते, नाहीतर गाडी उडते. माझा बोर्ड बघा. हात फिरवा. लोणी आहे."

तय्यबने हात फिरवला. लोणीच होतं. चांगल्या कामाला दाद न देणारा सुतार तो नव्हता, त्याने मान डोलावली. "पण सर, गर्मीत वाढतं ना ते."

"हॉलला एसी आहे, तय्यबभाई. एकोणीसवर लावलाय." सुजीतने खिशातून आपलं कार्ड काढलं आणि फळीच्या टोकाशी फटीत सरकवलं. ते आत गेलं. "हे बघा. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, दोन बोर्डांच्या सांध्यात ब्लेडसुद्धा जाता कामा नये. इथे कार्ड जातंय. ही कारपेंटरी झाली. पुढच्या वर्षी नीट करून आणा, मी स्वतः पास करतो. प्रॉमिस."

आसपास पाच-सहा जण उभे होते. ते आपापल्या फळ्यांकडे वळले. लाईन अकरा फळ्यांची करायची ठरली. तय्यबने आपली फळी उचलून भिंतीशी ठेवली, वर चादर टाकली, आणि मग दरवर्षीसारखा गुडघ्यांवर बसून बाकीच्या अकरा फळ्यांचे पाय घट्ट करत फिरला. ते काम त्याचंच होतं ना.

घरी, इंटरनॅशनल सिटीतल्या फ्लॅटमध्ये, त्याने जेवताना फक्त एवढंच सांगितलं की नाही घेतली.

"का?" साजिदाने विचारलं.

"फटी आहेत म्हणाले."

साजिदाने ताटात भात वाढला, परत थोडा वाढला. राग आला की ती वाढत सुटते. "बारा वर्षं त्यांची टेबलं उचललीत. आणि तुमचं एक टेबल त्यांना जड झालं. उद्या जाऊ नका."

"जायला पाहिजे. पाय सैल होतात."

"मग मीपण येते. बघूया तरी त्यांचं लोणी."

शनिवारी सकाळी साडेसात वाजता तय्यब, साजिदा आणि सुमैय्या हॉलवर पोचले. दार उघडलं तशी आतली हवा अंगावर आली. हम्माममध्ये शिरल्यासारखं झालं. एसीला टायमर होता, रात्री आपोआप बंद होणारा, आणि ते कुणालाच माहीत नव्हतं. पूर्वेच्या मोठ्या काचांतून ऊन सरळ फळ्यांवर पडत होतं. वॉचमनने धावत जाऊन एसी चालू केला, पण हॉल केवढा, गार व्हायला वेळ लागणार.

सुजीत आधीच आला होता. एक नंबरच्या फळीपुढे उभा होता आणि त्याची मुलगी इरा त्याचा हात धरून उभी होती.

"पापा, इट्स बेंट," ती म्हणाली.

वाकले होते खरे. काल एकोणीस अंशांत एकमेकांना चिकटवून बसवलेले रूळ रातोरात वाढले होते, आणि वाढायला जागा नाही म्हटल्यावर बाजूला पळाले होते. पुलावर रूळ नागमोडी झाला होता. बोगद्याच्या तोंडाशी एक रूळ फळी सोडून बोटभर वर उचलला गेला होता. अकराही फळ्यांची तीच गत. पण सगळ्यांत वाईट अवस्था एक नंबरची. सुजीतने एकही सांधा न ठेवता सगळं सोल्डरचा डाग देऊन पक्कं केलं होतं, त्यामुळे तिथे रुळांनी खालचे आडवे स्लीपरच उखडले होते. सांधे बदलायची जागा तर चक्क तुटली होती. जेवढं काम चोख, तेवढं नुकसान मोठं.

हळूहळू सगळे जमले. दार दहाला उघडणार होतं. दोनशे पास वाटून झाले होते. ग्रॅहम फळ्यांवरून एक फेरी मारून आले आणि खुर्चीवर बसले. "कॅन्सल करावं लागेल," ते इंग्रजीत म्हणाले.

तय्यब भिंतीशी गेला. चादर काढली. बघायची तशी गरज नव्हती, तरी त्याने डोळा फळीच्या पातळीवर आणून रूळ पाहिले. सरळ. फटी थोड्या मिटल्या होत्या, बस. साजिदा त्याच्या मागे उभी होती.

"आता सांगा त्यांना," ती हळूच म्हणाली. "जाऊन सांगा तोंडावर."

काय सांगायचं ते तय्यबच्या जिभेवर तयार होतं. काल रात्रभर तेच तर घोकलं होतं. पण सुजीतकडे बघितलं तर तो माणूस उखडलेले स्लीपर एकेक करून गोळा करत होता आणि मुलगी ते रुमालात धरत होती. तय्यबला स्वतःचं पहिलं किचन आठवलं. शारजातलं. गिऱ्हाइकाने सुट्टीवरून परत येऊन फोन केला होता आणि जाऊन बघतो तर एक दार उघडायची सोय नव्हती. शिकणारा असाच शिकतो. त्याने जिभेवरचं गिळून टाकलं आणि ग्रॅहमसमोर जाऊन उभा राहिला.

"कॅन्सल कशाला," तो आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजी-हिंदीत म्हणाला. "दर फळीला दोन ठिकाणी रूळ कापतो. फट पाडली की रूळ आपोआप जागेवर येईल. दहा फळ्या होतील दहापर्यंत. एक नंबर नाही होणार."

ग्रॅहम उठून उभे राहिले. "करशील?"

"करतो. पण आज टेबलवाला म्हणून नाही करणार." त्याने भिंतीकडे बोट दाखवलं. "एक नंबरची जागा रिकामी आहे. तिथे माझी फळी बसेल. रेल्वे करणारा म्हणून करेन, नाहीतर मी घरी जातो, खलास."

ग्रॅहमनी सुजीतकडे बघितलं. जागा सुजीतची होती, आणि ट्रॅकचा विभागही. सुजीत वाकलेला होता तो सरळ झाला. त्याने तय्यबच्या फळीकडे लांबूनच बराच वेळ पाहिलं. काल दुपारी ज्या रुळात त्याने कार्ड सरकवलं होतं तो रूळ उन्हात सरळ पडला होता.

"लावा," तो म्हणाला. "माझा बोर्ड काढा आणि ती लावा. काल चूक माझी झाली, तय्यबभाई." त्याने बाह्या वर केल्या. "कापल्यावर पुढच्या तुकड्याला करंट जाणार नाही. खालून तारा मी जोडतो. डाग देणं मला येतं चांगलं."

"मला माहीत आहे," तय्यब म्हणाला. "लोणी आहे."

मग जे काय झालं ते बघण्यासारखं होतं. तय्यब पातळ पात्याची करवत घेऊन फळीच्या वर आणि सुजीत, इस्त्रीच्या शर्टासकट, पाठीवर पडून फळीच्या खाली. करवत फिरली की टिंग असा आवाज होऊन रूळ मोकळा व्हायचा, सुमैय्या तो दोन बोटांनी जागेवर दाबून धरायची, इरा गोंद लावायची, साजिदा कार्डांचे तुकडे कातरून हातात द्यायची. एक तुकडा फटीत, गोंद धरला की काढून घ्यायचा. बँकेतले साहेब लोक टॉर्च धरून उभे होते आणि साजिदा त्यांना "जरा इकडे, जरा वर, यल्ला, चला चला" करत होती. तिला तर त्यांतल्या एकाचंही नाव माहीत नव्हतं. सहाव्या फळीपाशी तय्यबची कार्डं संपली तेव्हा सुजीतने फळीखालून हात बाहेर काढून आपली दिली. पुणेरी प्रोजेक्ट मॅनेजरची, उठावाच्या अक्षरांची, भारीतली कार्डं. साजिदाने ती एकेक करून आनंदाने कातरली.

पावणेदहाला तय्यबची फळी एक नंबरच्या जागी आणली. कुणीतरी म्हणालं, बोल्टची भोकं जुळतील का? तय्यबने सरळ बोल्ट हातात घेतले. अकराही सांगाडे ज्या हातांनी केले त्याच हातांनी हा केला होता. चारही बोल्ट बोटांनी फिरले.

"पाटी," सुजीत म्हणाला. त्याच्या शर्टाची पाठ धुळीने काळी झाली होती. त्याने एक कोरी पाटी घेतली, स्केचपेन उघडलं आणि वळणदार अक्षरात तय्यबचं पूर्ण नाव लिहिलं. "ठिकाणाचं नाव काय लिहू?"

तय्यबने नाव ठेवलंच नव्हतं. फळी लागेल की नाही याचाच भरवसा नव्हता, तर नाव कुठून सुचणार? तो डोकं खाजवत राहिला.

"साजिदा हॉल्ट लिहा," साजिदा मागून म्हणाली. "तीन घासण्या माझ्या गेल्यात त्यात."

सुजीतने हसू दाबलं आणि इंग्रजीत तसंच लिहिलं. इंग्लंडच्या नकाशावर नसलेलं एक स्टेशन दुबईत सकाळी नऊ वाजून पन्नास मिनिटांनी कायम झालं.

दहाला दार उघडलं. माणसं आत आली, मुलं पुढे घुसली. ग्रॅहमनी माइकवरून दोनशे वर्षांची गोष्ट थोडक्यात सांगितली आणि मग ते तय्यबकडे आले. त्यांच्या हातात गाडी चालवायचा कंट्रोलर होता. क्लबात पद्धत अशी की दिवसाची पहिली गाडी ज्याच्या फळीवरून सुटते त्यानेच ती चालवायची. दरवर्षी एक नंबरवरून सुटते, म्हणजे दरवर्षी सुजीत. तय्यबच्या हे लक्षातच आलं नव्हतं. त्याने हात पँटला पुसले, एकदा, दोनदा, आणि कंट्रोलर घेतला.

हिरवं इंजिन प्लॅटफॉर्मवरून हललं. आणि आवाज आला. टकटक, टकटक, टकटक. दर चोवीस सेंटिमीटरला, प्रत्येक फटीवरून जाताना. क्लबाच्या गाड्या आजवर नुसत्या सरसर जायच्या, हा आवाज त्या हॉलात कुणी ऐकलाच नव्हता. पुढच्या मुलांची बडबड थांबली. ग्रॅहमनी माइक खाली केला. त्यांच्या गावची लाईन साठच्या दशकात बंद पडली तेव्हा ते दहा वर्षांचे होते, हे त्यांनी नंतर तय्यबला सांगितलं. तेव्हा मात्र ते तय्यबच्या खांद्यावर हात ठेवून गाडी पुलावरून पलीकडे जाईपर्यंत उभे राहिले. गाडी दहाही फळ्या ओलांडून बोगद्यातून बाहेर पडली, एकदाही रूळ सोडला नाही, आणि हॉलभर टाळ्या झाल्या. तय्यबला इतका आनंद झाला की त्याला टाळ्या ऐकूच आल्या नाहीत.

दिवसभर साजिदा फळीपुढून हलली नाही. लोकांना घासणीचं कुंपण दाखवत होती, मुलांचे हात रुळांवरून उचलत होती, सुजीतने आणून दिलेला चहा उभ्या उभ्याच पीत होती. दुपारी रत्नागिरीकडची एक बाई मुलांना घेऊन आली. सायरा नाव तिचं. बोली ऐकली आणि दोघींचं लगेच जमलं. कोण कुठलं, कुणाकडचं, सगळं विचारून झालं, आणि मग त्या बाईने आपल्याकडे विचारतात तसं विचारलं, "आणि मिस्टर काय करतात तुमचे?"

या प्रश्नाला साजिदाचं उत्तर वीस वर्षं ठरलेलं होतं. लग्नाच्या वऱ्हाडात, व्हिसाच्या खिडकीशी, मुलांच्या शाळेत, सगळीकडे ती तेच द्यायची: सुतारकाम करतात. आज तिने पदर सारखा केला.

"रेल्वे चालवतात," ती म्हणाली, आणि अजिबात हसली नाही.

टेबलापलीकडे तय्यबने ते ऐकलं. अंगठा कंट्रोलरवर होता, त्याने तो हळूच मागे घेतला आणि गाडी प्लॅटफॉर्मला लावली.